नवी मुंबईत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी: दुर्बिणीची क्षमता मोजायची कशी?

सारसोळेकर

नमस्कार मंडळी. आमच्या नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे महापालिकेला एक निवेदन द्यायचं आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी.

नागरी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, असं राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर त्यात नाही. आमची मागणी एवढीच, की पन्नाशीपुढच्यांसाठी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' चाचणी निदान दोन-तीन प्रभागांत सुरू करून पाहावी. काडीवर नमुना घ्यायचा, बाटलीत घालून द्यायचा, पथ्यपाणी काही नाही.

हे घेऊन एका वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, चाचणीत रक्त आलं तर त्या माणसाला कोलोनोस्कोपीसाठी पाठवू कुठे? आणि तारीख कधीची मिळेल?" कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. प्रश्न रास्त आहे. उत्तर आमच्याकडे नव्हतं, म्हणून ते शोधायला बसलोय.

यादी करायला घेतली आहे. महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोली इथली रुग्णालयं, नेरूळचं डी. वाय. पाटील, वाशी-बेलापूरची खाजगी मोठी रुग्णालयं, खारघरचं टाटाचं कॅन्सर केंद्र ॲक्ट्रेक. पण तिथे जाऊन विचारायचं काय? मशीन किती? डॉक्टर किती? खाटा किती? नुसती नावं आणि फोन नंबर मांडून क्षमता कळणार नाही, एवढं मलाही समजतं.

हे मी का करतोय तेही सांगतो. माझ्या मोठ्या वहिनींना सतत थकवा यायचा, हिमोग्लोबिन घसरलेलं असायचं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, मध्येच मूळव्याधीचं मलम झालं. दुर्बीण घालून बघू असं कुणी सुचवेपर्यंत आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ यकृतापर्यंत पोचली होती. उजव्या बाजूच्या गाठीत पुष्कळदा रक्त दिसत नाही, नुसता ॲनिमिया दिसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाकीच्या घरांना ते वेळेत कळावं, असं मनापासून वाटतं.

आकडेमोड

काका, सुरुवात मागणीच्या बाजूने करा. किती कोलोनोस्कोपी लागतील ते आधी काढा, मग आहेत किती ते मोजा.

२०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका हद्दीची लोकसंख्या ११,२०,५४७ होती. २०२१ची जनगणना झालीच नाही. आज ५० ते ७४ वयाचे दीड लाख लोक आहेत असं धरू. हा माझा अंदाज आहे, पालिकेकडून प्रभागवार आकडा मिळाला की तो घाला. दर दोन वर्षांनी एकदा फिट करायची ठरवली, तर वर्षाला ७५,००० लोकांना बोलवावं लागेल. शंभरातले चाळीस आले तर ३०,००० चाचण्या. त्यांतल्या सहा टक्क्यांत रक्त सापडलं तर १,८०० लोक. त्यांतले ऐंशी टक्के पुढे आले, तर वर्षाला १,४०० ते १,५०० कोलोनोस्कोपी.

आता फिट न करता सरसकट दुर्बीणच करायची ठरवली तर? अमेरिकेत बरेच डॉक्टर तसंच करतात, दहा वर्षांतून एकदा. मग दीड लाखाचे वर्षाला १५,०००, आणि चाळीस टक्के आले तरी ६,०००. म्हणजे चौपट. आपल्याकडे हा विचार सोडूनच द्यावा.

या गणितात सर्वांत जास्त हलतो तो 'सहा टक्के' हा आकडा. नेदरलँड्सने २०१४मध्ये कार्यक्रम सुरू केला तेव्हा विष्ठेच्या ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही सीमा ठेवली होती, म्हणजे तेवढं सापडलं की चाचणी पॉझिटिव्ह. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, दहा टक्क्यांहून अधिक लोक पॉझिटिव्ह निघाले आणि कोलोनोस्कोपीच्या तारखा पुरेनात. वर्षाच्या मध्यावरच त्यांनी सीमा ४७ केली. सीमा वाढवली की काही रुग्ण निसटतात हे खरंच. पण पॉझिटिव्ह सांगून माणसाला महिनोन् महिने ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं, असा त्यांचा हिशोब, आणि मला तो पटतो. म्हणजे तुम्ही मोजलेली क्षमता नुसती निवेदनाला जोडायची नाही, चाचणीची सीमासुद्धा तिच्यावरून ठरते.

मोजायचं कसं, यालाही जुने दाखले आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००२ सालासाठी देशभर पाहणी केली, त्यात दवाखान्यांना मुख्यतः दोन गोष्टी विचारल्या: आठवड्याला किती करता, आणि आहे तेवढ्याच साधनांत जास्तीत जास्त किती करू शकाल. त्यावरून वर्षाला सुमारे १ कोटी ४२ लाख कोलोनोस्कोपी होतात आणि आणखी सुमारे ८२ लाख होऊ शकतील, असं निघालं. न्यूयॉर्क शहराने २००३मध्ये आरोग्य खातं, रुग्णालयं आणि डॉक्टर एकत्र आणून मोहीम सुरू केली. तिथे पन्नाशीपुढच्यांत कोलोनोस्कोपी झालेल्यांचं प्रमाण २००३मध्ये ४२ टक्के होतं, ते २००७मध्ये ६२वर गेलं. मशीन वाढवण्याइतकाच भर त्यांनी रुग्णाचा हात धरून नेणाऱ्या माणसांवर दिला. तारीख घेणं, तयारी समजावणं, आदल्या दिवशी फोन करणं, ही त्यांची कामं.

स्कोपरूम_सिस्टर

काका, मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात स्कोपी रूमची इन्चार्ज आहे. कोणतं ते विचारू नका. तुमची यादी वाचली आणि लिहावंसं वाटलं, कारण 'मशीन किती' हाच प्रश्न सगळे विचारतात आणि त्याच्या उत्तराने सगळे फसतात.

मशीन म्हणजे ट्रॉलीवरचा प्रोसेसर, लाइट आणि मॉनिटर. ते एक असलं तरी चालतं. दिवसाचं काम अडतं ते कोलोनोस्कोप किती आहेत त्यावर, म्हणजे ती लांब नळी. एक केस अर्ध्या तासाची धरा. बाहेर आल्यावर स्कोप तिथल्या तिथे पुसायचा, पाणी ओढून घ्यायचं, लीक टेस्ट करायची, प्रत्येक चॅनेलमधून ब्रश फिरवायचा, एन्झाइमच्या पाण्यात धुवायचा, मग जंतुनाशकात बुडवायचा, खळबळायचा, वाळवायचा. पाऊण तास ते तास कुठेच गेला नाही. म्हणजे एक स्कोप एका केसमागे दीड तास अडकतो. सकाळी नऊ ते तीन या वेळात एका स्कोपवर चार केस, दोन असले तर आठ. त्याहून जास्त आकडा कुणी सांगितला तर धुलाई कशी होते ते बघायला मागा. मी धुलाईतलं एक मिनिटही कमी करू देत नाही. यादी कितीही लांबो, डॉक्टर कितीही घाई करोत. एकाच्या आतड्यातलं दुसऱ्याच्या आतड्यात जाता कामा नये.

म्हणून विचारा: चालू स्थितीतले कोलोनोस्कोप किती? कागदावर तीन असतात, त्यातला एक लीक होतो म्हणून कंपनीत गेलेला असतो आणि दुसऱ्याचा अँगल नीट वळत नसतो. धुणारा माणूस कोण, आणि तो रजेवर असला की कोण धुतं, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी एकच मामा, म्हणजे वॉर्डबॉय, वर्षानुवर्षं ते काम करतात. ते गावाला गेले की यादी अर्ध्यावर येते.

दुसरं, ती खोली एकट्या कोलोनोस्कोपीची नसते. जठराची एंडोस्कोपी तिथेच, रक्ताची उलटी झालेला इमर्जन्सी पेशंट तिथेच. पित्तनलिकेच्या ईआरसीपीचा दिवस असला तर सकाळ त्यातच गेली. आठवड्याचे सहा दिवस खोली चालू दिसते, पण कोलोनोस्कोपीच्या वाट्याला दोन-तीन सकाळीच येतात. भूलतज्ज्ञ रोज असतात की ठराविक वारी, तेही बघा. आकडेमोड यांनी दीड हजार काढले ना, ते नुसत्या कोलोनोस्कोपीच्या भरगच्च यादीने धरले, रोजच्या आठ, तर एका खोलीचं वर्षातले सात-आठ महिने पूर्ण काम आहे. अशी रिकामी खोली कुणाकडेही नाही. ते पेशंट आहे त्या यादीतच घुसवायचे आहेत, हे डोक्यात ठेवून मोजा.

आता ज्यावर मला सर्वांत जास्त सांगायचंय, ते पोट साफ करण्याचं. दोन ते चार लिटर औषधाचं पाणी प्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं त्या दिवशी पहाटे. असं दोन भागांत प्यायलं तरच आतडं नीट दिसतं. नऊची वेळ असली तर पहाटे चारला उठून प्यायचं आणि पुढचे दोन-तीन तास संडासात. वाशीच्या फ्लॅटमध्ये हे जमतं. दिघ्याला, रबाळ्याला, तुर्भे स्टोअरला ज्या घरात संडास नाही, सार्वजनिक शौचालयात रांग लावावी लागते, त्या घरातल्या पंचावन्न वर्षांच्या बाईने पहाटे चारला काळोखात दहा वेळा जायचं कसं? ती अर्धंच औषध पिते. दुर्बीण घातली की आत सगळं तसंच. मग पुन्हा तारीख, पुन्हा औषध, पुन्हा रोजंदारी बुडवायची. बहुतेक बायका दुसऱ्यांदा येतच नाहीत. आणि शेरा काय लिहितात, 'पेशंटने तयारी नीट केली नाही'. मला तो शेरा वाचवत नाही.

तेव्हा तुमच्या यादीत हे आवर्जून घ्या: तयारीसाठी आदल्या रात्री दाखल करून घ्यायला खाटा आहेत का? बायकांच्या वॉर्डात चालू अवस्थेतले, पाणी असलेले संडास किती? दुपारी बाराच्या पुढची वेळ देता का? दुपारची वेळ दिली की उरलेलं अर्धं औषध उजेडात, सकाळी सहा-सातला पिता येतं. काही न खरेदी करता, नुसती वेळ बदलून वाया जाणाऱ्या तारखा वाचतात.

पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब, सापडला तर त्याच बैठकीत काढता का, हे विचारा. तो काढायची साधनं, म्हणजे स्नेअर, कॉटरी, क्लिप, नसतील तर नुसतं बघून पेशंट परत जातो आणि त्याला दुसरी तारीख लागते, म्हणजे एका माणसामागे दोन जागा. आणि काम चांगलं होतं का, तेही मोजा. शंभरातल्या किमान नव्वद जणांत दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचली पाहिजे आणि तिथला फोटो रिपोर्टला लावलेला पाहिजे. तुमच्या वहिनींची गाठ होती तीच ती बाजू. तिथवर न पोचलेली कोलोनोस्कोपी मी मोजणीत धरणार नाही.

ॲक्ट्रेकचं नाव तपासणीच्या यादीतून काढा. टाटाकडे देशभरातले कॅन्सरचे पेशंट येतात. ते नाव पुढच्या पानावर, उपचाराच्या यादीत हवं.

पामबीच_सायकलवाला

सगळ्यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून एक शंका विचारतो. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी. भारतात वर्षाला लाखामागे साधारण पाच जणांना होतो असं वाचलंय. मग दीड लाख धडधाकट लोकांना चाचणीला लावणं योग्य आहे का? त्या खोलीत उद्या फिटवाल्यांची गर्दी झाली, तर आज ज्याला खरोखर रक्त पडतंय तो मागे नाही का ढकलला जाणार?

स्कोपरूम_सिस्टर

दादा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. मीही याच मताची आहे, म्हणून क्रम सांगते.

शौचातून रक्त पडतंय, हिमोग्लोबिन विनाकारण घसरतंय, वजन उतरतंय, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदललीय, अशा माणसाला फिटची वाट बघायला लावायची नाही. त्याला डॉक्टरांनी तपासून सरळ दुर्बिणीला पाठवायचं. त्याच्यानंतर, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा कॅन्सर झालाय ते. त्यांना चाळिशीत, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा बोलवायचं. काका, तुमच्या पुतण्यांना हे सांगितलंय ना कुणी? नसेल तर निवेदन राहू दे बाजूला, आज फोन करा.

तिसरी पाळी बाकीच्यांची. तेव्हा शहराची क्षमता म्हणून मला एकच आकडा बघायचा असेल तर मी हा बघीन: रक्त पडतंय म्हणून केसपेपर काढलेल्या माणसाला आज कोलोनोस्कोपीची तारीख किती दिवसांनी मिळते? पालिकेच्या रुग्णालयात वेगळा, खाजगीत वेगळा. तो दिवसांचा आकडा आधीच मोठा असेल, तर सरसकट फिट सुरू करणं त्या माणसावर अन्याय होईल. पहिली मागणी त्याची तारीख जवळ आणण्याची करा. त्यासाठी लागणारा जास्तीचा स्कोप, धुणारा दुसरा माणूस, दुपारची यादी, हे सगळं पुढे फिटलाही उपयोगी पडणारच आहे.

आकडेमोड

सिस्टरांशी सहमत. दादा, लाखामागे पाच हा आकडा सर्व वयांचा मिळून, वयानुसार समायोजित केलेला आहे. पन्नाशीपुढे प्रमाण बरंच जास्त असतं. तरीही एकदम शहरभर नको. एक आरोग्य केंद्र, ५० ते ७४ वयाचे, वर्षभर. आपल्या लोकांत पॉझिटिव्ह किती निघतात ते कळेल, माझा सहा टक्क्यांचा अंदाज टिकतो का तेही. एक व्यावहारिक गोष्ट: नमुना उन्हाळ्यात तापला तर त्यातलं हिमोग्लोबिन विघटित होतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. एप्रिल-मेमध्ये नमुने दुपारभर आशाताईंच्या पिशवीत राहू नयेत, केंद्रातल्या फ्रिजमध्ये जावेत.

कलम_सहा

माहिती काढायची कशी, तेवढ्यापुरतं लिहितो. महापालिकेच्या रुग्णालयांसाठी माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळे प्रश्न एकाच अर्जात कोंबू नका. पहिला अर्ज रजिस्टरचा: मागच्या बारा महिन्यांत, महिनावार, किती कोलोनोस्कोपी झाल्या, किती रद्द झाल्या, नोंदवलेलं कारण काय. दुसरा अर्ज साधनांचा: चालू आणि नादुरुस्त स्कोप, दुरुस्तीला गेल्याच्या तारखा. 'क्षमता किती आहे' असं विचारू नका. नोंदीत नसलेली माहिती तयार करून द्यायला ते बांधील नाहीत. जे लिहिलेलं आहे त्याची प्रत मागा.

खाजगी रुग्णालयांना हा कायदा थेट लागू नाही. पण १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंदणी पालिकेच्या आरोग्य विभागाकडेच असते, ती यादी मिळते. तुमच्या यादीतून जी लहान एंडोस्कोपी सेंटर सुटली असतील, त्यांतली काही तिथे सापडतील. धर्मादाय न्यासाखाली चालणाऱ्या रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीत राखाव्या लागतात. सिस्टरांनी म्हटलेला आदल्या रात्री दाखल करण्याचा प्रश्न तिथे सुटू शकेल का, हे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा.

सारसोळेकर

पुतण्याला आणि पुतणीला काल रात्रीच फोन केला. पुतणी एकेचाळीसची आहे. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

निवेदनाचा मसुदा बदलतोय. शीर्षस्थानी आता फिट नाही; रक्त पडणाऱ्या रुग्णाला तारीख किती दिवसांनी मिळते याची नोंद दर महिन्याला ठेवा, ही पहिली मागणी. दुसरी, बायकांसाठी तयारीच्या खाटा आणि दुपारची यादी. एका आरोग्य केंद्रात फिटचा प्रयोग ही तिसरी. संघातल्या दोन निवृत्त शिक्षिका तुर्भे आणि दिघ्याच्या महिला मंडळांत जाऊन तयारीबद्दल बोलणार आहेत, कारण पहाटे चारची अडचण आमच्या कुणाच्या मनातही आली नव्हती.

एक शेवटचं. अर्जाचं उत्तर यायला महिना जाईल. तोवर प्रत्यक्ष रुग्णालयात जाऊन विचारलं तर कुणी सांगेल का? की हुसकावून लावतील?

स्कोपरूम_सिस्टर

सांगतील, पण रिसेप्शनला आणि पीआरओला विचारू नका, ते माहितीपत्रक हातात देतील. आधी वैद्यकीय अधीक्षकांना संघाच्या लेटरहेडवर पत्र द्या, पोच घ्या, आणि ती पोच घेऊन स्कोपी रूमच्या इन्चार्ज सिस्टरला भेटा. सकाळी अजिबात जाऊ नका, यादी चालू असते. तीननंतर जा. पेशंटची नावं असलेलं रजिस्टर ती दाखवणार नाही आणि तुम्हीही मागू नका. नुसतं विचारा, मागच्या आठवड्यात कोलोनोस्कोपी किती झाल्या, किती परत गेल्या आणि पुढची मोकळी तारीख कोणती. हे तीन आकडे तिला तोंडपाठ असतात. मामा भेटले तर त्यांच्याशीही बोला, कोणता स्कोप कधीपासून बंद आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

वाशी आणि नेरूळ झालं की इथे आकडे टाका. कळव्याच्या बाजूची चौकशी मी करते.